पाण्याखालची कुंडी

प्रस्तावना

कुंडीत झाड लावणे हा बहुतेकांच्या परिचयाचा उद्योग आहे. दारातील तुळस, खिडकीतील गुलाब, गच्चीवरील मोगरा यांच्यासाठी कुंडी कशी भरावी, हे आपण कोणाचे तरी पाहून शिकलेले असतो. बुडाला भोक, त्यावर खापराचा तुकडा, वर भुसभुशीत माती आणि सढळ हाताने शेणखत, अशी ती सर्वसाधारण रीत आहे. हीच रीत जशीच्या तशी उचलून एखाद्याने टबात कमळ लावले, तर थोड्याच दिवसांत पाणी काळसर होते, त्याला कुजकट वास येऊ लागतो आणि हौसेने विकत आणलेला कंद सडून जातो. जमिनीवरचे रोप कोमेजून आपली तक्रार सांगते. पाण्यातील रोपाचा बिघाड मात्र डोळ्यांआड घडतो, आणि तो कळतो तेव्हा बहुधा उपाय उरलेला नसतो.

असे का होते आणि ते कसे टाळावे, याचा विचार या पाठात केला आहे. अंगणात हौस म्हणून एखादे कमळ लावू इच्छिणाऱ्यांना, तसेच रोपवाटिकेत काम करणाऱ्या किंवा तसा व्यवसाय सुरू करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना तो उपयोगी पडावा.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला आपल्या परिसरातील माती पारखून जलवनस्पतींसाठी योग्य माती निवडता येईल, भांड्याचे आकारमान व वजन यांचा हिशोब मांडता येईल, माहितीपर लेखनातील कार्यकारणसंबंध ओळखता येईल आणि क्रमवार सूचना लिहिता येतील.

मूळ पाठ

वापसा आणि चिखल

शेतकऱ्याच्या बोलीत ‘वापसा’ असा एक नेमका शब्द आहे. पाऊस पडून गेल्यावर जमिनीतील जास्तीचे पाणी ओसरते, ओल टिकून राहते आणि मातीच्या कणांमध्ये हवा खेळू लागते, त्या अवस्थेला वापसा म्हणतात. वापसा आल्याशिवाय शहाणा शेतकरी औत घालत नाही. तुळशीच्या कुंडीला आपण भोक ठेवतो, मातीत वाळू किंवा पालापाचोळ्याचे खत मिसळतो, ते सगळे कुंडीतल्या मातीला सतत वापसा राहावा म्हणूनच. मुळांना ओल हवी, तशीच हवाही हवी.

पाण्याखालच्या कुंडीत वापसा कधीच येत नाही. तेथे कणाकणांमधील प्रत्येक फट पाण्याने भरलेली असते आणि हवेला जागाच नसते. मग कमळाचे कंद जगतात कसे? भाजीसाठी आणलेली कमळकाकडी आडवी चिरून पाहा. तिच्या चकतीत गोलाकार मांडलेली भोके दिसतात. या हवेच्या नळ्या आहेत. पानांवाटे आत आलेली हवा देठांतील पोकळ नळ्यांमधून चिखलातल्या कंदापर्यंत पोचते. कमळ आपली हवा स्वतःबरोबर खाली नेते. त्यामुळे माती भुसभुशीत ठेवून त्याच्यावर उपकार करण्याची गरज नसते.

उलट भुसभुशीतपणाच येथे घातक ठरतो. बाजारात मिळणाऱ्या तयार कुंडीमातीत नारळाच्या काथ्याचा भुसा असतो, पालापाचोळ्याचे खत असते, काही वेळा पांढरे हलके दाणेही असतात. पाणी ओतताच यांतील बराच भाग तरंगून वर येतो. जो खाली राहतो, तो हवेवाचून कुजू लागतो. हवा नसलेल्या चिखलात वेगळ्या प्रकारचे सूक्ष्मजीव काम करतात आणि त्यांच्या कामातून मिथेन व हायड्रोजन सल्फाइड असे वायू निघतात. सडक्या अंड्यासारखा जो वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. तळातून बुडबुडे उठतात, माती फुगून सैल होते, कंद उघडा पडतो. कुजणाऱ्या द्रव्यातून सुटलेले नत्र व स्फुरद पाण्यात उतरते आणि त्यावर शेवाळ माजते. पाणी हिरवे झाले की लोक पाणी बदलतात. चार दिवसांनी ते पुन्हा हिरवे होते. दोष पाण्यात नसतो, तो खालच्या मातीत असतो.

तेव्हा पाण्याखालच्या मातीकडून दोनच गोष्टींची अपेक्षा ठेवावी. तिने जागेवर बसून राहावे आणि अन्नद्रव्ये स्वतःजवळ धरून ठेवावीत. ही दोन्ही कामे चिकणमाती उत्तम करते. तिचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतात. ते एकमेकांना घट्ट धरतात. शिवाय त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असल्यामुळे अमोनिअम, पोटॅशिअम, कॅल्शिअम यांसारखे धनभारित अन्नघटक त्यांना चिकटून राहतात, पाण्यात सहजासहजी निसटत नाहीत. वाळूच्या कणाला हे जमत नाही. तो जड असल्यामुळे जागेवर बसतो खरा, पण त्याच्याजवळ धरून ठेवण्यासारखे काही नसते. निव्वळ वाळूत लावलेले कमळ मरत नाही, उपाशी राहते.

माती पारखणे

‘चिकणमाती घ्यावी’ असे म्हणणे सोपे. ती ओळखायची कशी? त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मूठभर मातीतील खडे व काड्या काढून टाकाव्यात, पाणी शिंपडून ती कणकेसारखी मळावी आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये दाबत दाबत तिची पट्टी पुढे सरकवावी. पट्टी बनतच नसेल, तर माती रेताड आहे. साधारण अडीच सेंटिमीटर लांबीच्या आतच ती तुटत असेल, तर पोयटा आहे. पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पट्टी न तुटता लोंबकळत राहिली, तर ती चिकणमाती समजावी. या दोहोंच्या मधली, म्हणजे अडीच ते पाच सेंटिमीटरांवर तुटणारी माती असेल, तर तिच्यात आणखी काही मिसळण्याची गरज नाही. जलवनस्पतींसाठी तीच सर्वांत सोयीची.

दुसरी परीक्षा बाटलीची. काचेच्या उभट बाटलीचा तिसरा हिस्सा मातीने भरावा, वर पाणी घालून त्यात चिमूटभर धुण्याची पूड टाकावी आणि झाकण लावून बाटली पाच मिनिटे हलवावी. मग ती एका जागी ठेवून द्यावी. मिनिटाभरात वाळू तळाशी बसते, काही तासांत तिच्यावर पोयट्याचा थर जमतो, आणि चिकणमाती निवळायला एक दिवस, कधी त्याहूनही अधिक वेळ घेते. थरांची जाडी पट्टीने मोजली की मातीत काय किती आहे, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. पाण्यावर तरंगत राहिलेल्या काळ्या काड्या व भुसा, म्हणजे मातीतील सेंद्रिय भाग. तो जास्त दिसला, तर ती माती तुळशीला द्यावी, कमळाला नको.

पाठगत प्रश्न १
(अ) ‘वापसा’ म्हणजे काय, ते तुमच्या शब्दांत सांगा.
(आ) पाणी वारंवार बदलूनही हिरवे का होते?
(इ) ‘उपाशी राहते’ हा शब्दप्रयोग लेखात कोणत्या अर्थाने आला आहे?

प्रांतोप्रांतीची माती

मुक्त विद्यालयाचे विद्यार्थी निरनिराळ्या प्रांतांत राहतात. नागपूर, सोलापूर, तसेच इंदूर व उज्जैन या भागांत काळी माती आहे. ती पाण्याने फुगते, वाळली की तिला हातभर भेगा पडतात आणि पावसाळ्यात तिच्यात पाणी साचून पिके पिवळी पडतात. जमिनीवर दोष ठरणारे तिचे हे गुण पाण्याखाली मात्र कामी येतात. टबातील माती कधी वाळत नाही, त्यामुळे भेगांचा प्रश्न उद्भवत नाही. काळी माती फार चिवट वाटल्यास तीन भाग मातीत एक भाग जाडी वाळू मिसळावी, म्हणजे लावताना हात आत जातो आणि कंदालाही पसरता येते. चुनखडीचे पांढरे खडे दिसतील तेवढे वेचून टाकावेत.

कोकण व गोवा येथील अंगणातील जांभ्याची तांबडी माती खडेगोट्यांची असते. तिच्यात पाणीही ठरत नाही आणि अन्नही. पण तेथल्याच भातखाचरातील माती निराळी आहे. पेरणीनंतर रोपे उपटून लावण्यापूर्वी शेतकरी खाचरात पाणी कोंडून चिखलणी करतो. चिखलणीमुळे मातीतील पोकळ्या मोडतात, बारीक कण थराथराने बसतात आणि पाणी खाली झिरपेनासे होते. कमळाचा टब भरताना आपण करतो ती छोट्या प्रमाणावर केलेली चिखलणीच होय. म्हणून कोकणातील विद्यार्थ्याने लांब जाऊ नये. मालकाची परवानगी घेऊन खाचराच्या कडेची दोन-तीन पाट्या माती आणावी. बंगळूरच्या बाजूची तांबडी मातीही चालते, मात्र तिची आधी पट्टी करून पाहावी, कारण ती एका शेतात चिकण तर शेजारच्या शेतात रेताड निघू शकते. दिल्ली, कानपूर, वाराणसी या पट्ट्यातील गाळाची माती हाताला मऊ व सुपीक लागते, पण तीत पोयटा व बारीक वाळू पुष्कळ असते. कुंभारवाड्यातून थोडी चिकणमाती आणून ती त्यात चौथ्या हिश्शाने मिसळल्यास काम भागते.

निव्वळ कुंभारमाती मात्र वापरू नये. ती इतकी घट्ट बसते की कोवळी मुळे तीत शिरू शकत नाहीत. शाडूविषयीही हल्ली विचारणा होते. घरच्या बादलीत गणेशमूर्तीचे विसर्जन केल्यावर उरलेली शाडू वाया जाऊ नये, हा विचार चांगलाच आहे. परंतु शाडूत अन्नांश फारसा नसतो आणि मूर्तीवर रासायनिक रंग असल्यास तो पाण्यात उतरतो. मूर्ती बिनरंगाची असेल, तरच शाडू शेतातल्या मातीत थोडी मिसळावी.

एक गोष्ट येथे आग्रहाने सांगावीशी वाटते. नैसर्गिक तळ्यातील गाळ आणू नये. ‘तळ्यातले रोप, तेव्हा माती तळ्यातलीच’ हा तर्क ऐकायला बरा वाटला, तरी त्या गाळाबरोबर गोगलगायींची अंडी, तणांचे बी आणि शहराजवळचे तळे असेल तर सांडपाण्यातील घाणही घरात येते. तळ्यातली कमळेही उपटून आणू नयेत. रोपवाटिकेत कंद मिळतात, आणि पूजासाहित्याच्या दुकानात मिळणारे कमळगट्टे म्हणजे कमळाचे बीच असते. ते उकडलेले किंवा भाजलेले नसल्यास रुजते. त्याचे कवच विलक्षण टणक असते. चीनमधील एका आटलेल्या तलावाच्या तळाशी सापडलेले, सुमारे १३०० वर्षांपूर्वीचे कमळबी रुजल्याचा वृत्तांत १९९५ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तो या कवचाचाच महिमा. आपल्याला इतकी वाट पाहायची नसल्याने बियांचे एक टोक खरखरीत फरशीवर घासून आतला फिकट गर दिसू द्यावा आणि बी पाण्यात ठेवावे. पाणी रोज बदलल्यास आठवड्याभरात बहुधा कोंब दिसतो.

खत किती?

ज्याला खत घालण्याची सवय आहे, त्याला येथे हात आवरणे कठीण जाते. पूर्ण कुजलेले, वास गेलेले शेणखत टबाच्या अगदी तळाशी, सगळ्या मातीच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त होणार नाही इतपतच पसरावे आणि त्यावर किमान दहा सेंटिमीटर साधी माती दाबून बसवावी. ताजे शेण, किचनमधला ओला कचरा, भाजीचे देठ यांना या कुंडीत स्थान नाही. पुढे पाने लहान व पिवळी येऊ लागली, तर हाडांच्या चुऱ्याची चमचाभर पुडी कागदात बांधून कंदापासून दूर, मातीत खोल खुपसावी. पाण्यावर खत कधीही शिंपडू नये. ते रोपाआधी शेवाळाला पोचते.

भांडे

माती कळली की भांड्याचा निर्णय निम्मा झालेला असतो. तरी कमळ आणि कुमुदिनी यांतला भेद आधी स्पष्ट केला पाहिजे, कारण दोघींच्या गरजा सारख्या नाहीत आणि बाजारात दोन्ही रोपे ‘कमळ’ या एकाच नावाने विकली जातात. कमळाचे मोठे पान देठावर पाण्याच्या वर उंच उभे राहते. ते छत्रीसारखे अखंड वाटोळे असते आणि देठ मध्यभागी जोडलेला असतो. कुमुदिनीचे पान पाण्यावर पसरून तरंगते आणि त्याला देठापर्यंत जाणारी एक खाच असते. (घरोघरी कुंडीत लावतात आणि जे वर्षातून एखाद्या रात्री फुलते, ते ‘ब्रह्मकमळ’ एक निवडुंग आहे, त्याचा येथे संबंध नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावर ‘कुमुदिनी तलाव’ आहे, पण त्यातील नाजूक पांढरी फुले आणखीच वेगळ्या वनस्पतीची आहेत. नावांवर विसंबू नये, पान पाहावे, हे बरे.)

कमळाचा कंद आडवा धावतो. त्याचे टोक चिखलातून पुढे सरकत राहते आणि भांड्याच्या भिंतीला लागले की तिच्या कडेने वळते. भांडे चौकोनी असेल, तर टोक कोपऱ्यात अडकते, एकावर एक वेटोळी पडतात आणि वाढ खुंटते. म्हणून कमळाला गोल भांडे द्यावे, आणि त्याच्या बुडाला भोक नसावे. भोक सापडले की कंद त्यातून बाहेर पडू पाहतो. साधारण जातीसाठी ६० सेंटिमीटर व्यास आणि ३० सेंटिमीटर उंची पुरेशी होते. ठेंगण्या जाती ४० सेंटिमीटरांच्या घमेल्यातही फुलतात. कुमुदिनीचे तसे नाही. ती एका जागी गड्ड्याने वाढते, त्यामुळे तिला २५ ते ४० सेंटिमीटर रुंद आणि १५ ते २० सेंटिमीटर खोल अशी पसरट कुंडी द्यावी आणि ती कुंडी मोठ्या हौदात बुडवून ठेवावी. या कुंडीला भोके असली तरी बिघडत नाही. आतून गोणपाट लावले म्हणजे माती निसटत नाही. वेखंड हेही काठावरच्या चिखलातले झाड आहे. त्याला साधी कुंडी आणि मातीवर दोन-चार सेंटिमीटर पाणी एवढे पुरते.

आता भांडे कशाचे असावे? बांधकामावरचे प्लॅस्टिकचे किंवा रबरी घमेले आणि प्लॅस्टिकचा टब स्वस्त, हलके व निर्धोक असतात. त्यांना उगाच कमी लेखण्याचे कारण नाही. मातीची कुंडी दिसायला सुंदर, पण ती पाणी पाझरते; उन्हाळ्यात रोज भर घालण्याची तयारी असेल, तरच ती घ्यावी. जुनी दगडी डोणी मिळाली, तर तिच्यासारखे भांडे नाही. सिमेंटचा हौद टिकाऊ असतो, परंतु नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो आणि ते पाणी रोपांना व माशांना सोसत नाही. म्हणून नवा हौद दोन-तीन आठवडे भरून ठेवावा आणि त्या काळात त्याचे पाणी चार-पाच वेळा ओतून द्यावे. रसायनांचे किंवा रंगाचे जुने पिंप कितीही घासले, तरी ते वापरू नये.

घंगाळाविषयी थोडे अधिक लिहावे लागेल. वाडवडिलांचे तांब्या-पितळेचे घंगाळ माळ्यावरून काढून, घासून, त्यात पाणी व फुले ठेवण्याची पद्धत शहरांतून पुन्हा रुजली आहे. तोडलेली फुले एखादा दिवस ठेवायला ते शोभतेही. पण तांब्याचा सूक्ष्म अंश पाण्यात उतरतो आणि गोगलगायी, मासे व कोवळी मुळे यांना तो विषासारखा असतो. पितळेतही तांबे असतेच. घंगाळ हे जिवंत रोपाचे घर नव्हे.

भांडे गच्चीत किंवा सज्जात ठेवायचे असेल, तर विकत घेण्यापूर्वी हिशोब करावा. ६० सेंटिमीटर व्यासाच्या, ३० सेंटिमीटर उंचीच्या गोल टबाचे घनफळ सुमारे ८५ लिटर भरते. त्यात निम्म्यापर्यंत माती भरायची म्हणजे साधारण ४२ लिटर माती, अर्थात १५ लिटरच्या तीन बादल्यांना थोडी कमी. एक लिटर पाणी एक किलो वजनाचे असते. पाण्याने भिजलेली माती त्याहून जवळजवळ पावणेदोन ते दोन पट जड. म्हणजे माती सुमारे ७५ किलो आणि पाणी ४० किलो. एक टब एका मोठ्या माणसापेक्षा जड होतो, आणि माणूस उठून जातो, टब तेथेच राहतो. तो सज्जाच्या कठड्याकडे न ठेवता भिंतीलगत ठेवावा, जुन्या इमारतीत जाणकाराला विचारल्याशिवाय ठेवूच नये, आणि भरण्यापूर्वीच त्याची जागा कायम करावी. रोज पाच-सहा तास ऊन मिळत नसेल, तर त्या जागी फूल येणार नाही, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

पाठगत प्रश्न २
(अ) कमळाला गोल भांडे का द्यावे?
(आ) कमळ व कुमुदिनी यांची पाने कशी ओळखाल?
(इ) तुमच्याजवळ ५० सेंटिमीटर व्यासाचा आणि ३० सेंटिमीटर उंचीचा गोल टब आहे. निम्मा भरण्यासाठी किती लिटर माती लागेल?

लावणी

माती आधी कोरडीच फोडून, खडे काढून टबात घालावी. मग थोडे थोडे पाणी घालत हाताने चिखल करावा. चिखल सैल पळीवाढा नको आणि गोळा होण्याइतका घट्टही नको, श्रीखंडासारखा असावा. तो एक-दोन दिवस तसाच बसू द्यावा. कमळाचा कंद घेताना त्याच्या टोकाचा कोंब शाबूत आहे ना, हे पाहावे, कारण तो मोडला तर कंद बहुधा वाया जातो. कंद चिखलात कडेजवळ आडवा निजवून त्याचे टोक मध्याकडे आणि किंचित वर राहील असे करावे व अंगावर पाच सेंटिमीटर चिखल ओढावा. कंद तरंगू नये म्हणून त्याच्या मधल्या भागावर एक चपटा दगड ठेवता येतो, कोंबावर मात्र नको. कुमुदिनीचा गड्डा लावताना त्याचा शेंडा मातीच्या पातळीवर उघडा राहिला पाहिजे. पुरला तर तो सडतो. तिच्या मातीवर बोटभर जाडीचा बारीक गोट्यांचा थर द्यावा, त्याने माती दबून राहते आणि मासे ती उकरत नाहीत.

पाणी एकदम ओतू नये. मातीवर एक ताटली ठेवून तिच्यावर धार धरावी. पहिल्या आठवड्यात मातीवर पाच सेंटिमीटर पाणी पुरे; पाने जशी वर येतील, तसे ते वाढवीत न्यावे. सुरुवातीला पाणी गढूळ दिसते. चिकणमाती सावकाश निवळते, हे बाटलीच्या परीक्षेत आपण पाहिलेच आहे. दोन-चार दिवस टबाला हात न लावणे हाच त्यावरचा उपाय. पण ही गोष्ट सांगायला सोपी आणि करायला अवघड आहे.

डास आणि जलपर्णी

साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो. उबदार हवामानात अंड्यापासून पूर्ण डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणजे टबाकडे आठवडाभर दुर्लक्ष झाले, तर घरातल्या व शेजारच्या माणसांना त्याचा धोका आहे. म्हणूनच डासांच्या अळ्या आढळल्यास काही महानगरपालिका दंडही करतात. टबात सहा-सात गप्पी मासे सोडले की ते अळ्या खाऊन टाकतात; अनेक ठिकाणी हिवताप विभागाकडून हे मासे मिळतात. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच त्यात मासे सोडावेत. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे असून ते झपाट्याने वाढतात, तेव्हा टबातील जास्तीचे मासे ओढ्यात किंवा तळ्यात टाकू नयेत.

रोपांबाबतही हीच काळजी घ्यावी. नदीवर हिरवा गालिचा पसरवणारी जलपर्णीसुद्धा मूळची दक्षिण अमेरिकेतील. तिच्या जांभळट फुलांवर भुलून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिला शोभेचे झाड म्हणून बंगालमध्ये आणले गेले. आज पुण्याची मुळा-मुठा, कोल्हापूरची पंचगंगा आणि देशातील असंख्य तळी तिच्यामुळे गुदमरतात. तिला माती लागत नाही, कुंडी लागत नाही. एक तुकडा पाण्यात पडला की पुरे. टबातून काढलेली कोणतीही रोपे व मुळे उन्हात पूर्ण वाळवावीत आणि मग खतखड्ड्यात टाकावीत.

शब्दार्थ

पोयटा : वाळू व चिकणमाती यांच्या मधल्या जाडीच्या कणांची मऊ माती. चिखलणी : भाताच्या लावणीपूर्वी पाणी भरलेल्या खाचरात केलेली नांगरट. डोणी : जनावरांना पाणी पाजण्याचे दगडी भांडे. घंगाळ : अंघोळीच्या पाण्याचे मोठे, रुंद तोंडाचे धातूचे भांडे. गड्डा : जमिनीखाली वाढणारे गोळ्यासारखे खोड.

भाषाविचार

‘पंकज’ हा शब्द आता तुम्हांला अधिक कळेल. पंक म्हणजे चिखल आणि ‘ज’ म्हणजे जन्मलेले. पंकात जन्मते ते पंकज. या समासातील दुसरे पद धातूपासून बनलेले असून ते एकटे वापरता येत नाही, म्हणून याला उपपद तत्पुरुष म्हणतात. जलज, नीरज, अंबुज, सरोज हे शब्द त्याच धाटणीचे आहेत. गंमत अशी की चिखलात वेखंड जन्मते, लव्हाळे जन्मते, शिंगाडाही जन्मतो. पण पंकज म्हटल्यावर या कोणाची आठवण होत नाही. व्युत्पत्तीने अनेकांना लागू पडणारा शब्द रूढीने एकाच वस्तूला चिकटला, तर त्याला योगरूढ शब्द असे म्हणतात.

पाठातील ‘भरावी’, ‘ठेवावा’, ‘खुपसावी’, ‘टाकू नये’ ही क्रियापदे पाहा. ‘भर’, ‘ठेव’ अशी थेट आज्ञा न करता कर्तव्य किंवा योग्य रीत सांगण्यासाठी मराठीत विध्यर्थ वापरतात. पाककृती, औषधावरील सूचना, शेतीविषयक पत्रके यांत तो सतत आढळतो. नकार देताना मात्र ‘-वा, -वी, -वे’ हे प्रत्यय न लावता ‘नये’ हे क्रियापद येते : ‘भरावी’, पण ‘भरू नये’.

स्वाध्याय

१. ‘दोष पाण्यात नसतो, तो खालच्या मातीत असतो.’ या विधानामागील कारणांची साखळी पाठाच्या आधारे पाच-सहा वाक्यांत मांडा.

२. काळ्या मातीचे जमिनीवरील दोष पाण्याखाली गुण कसे ठरतात?

३. पुढील शब्दांचा विग्रह करा : जलज, सरोज, अंबुज.

४. विध्यर्थी क्रियापदे वापरून ‘पिण्याच्या पाण्याची टाकी स्वच्छ करणे’ या विषयावर आठ सूचना क्रमाने लिहा.

५. तुमच्या शेजाऱ्यांनी पितळी घंगाळात कमळाचा कंद लावला आहे. त्यांचे मन न दुखावता त्यांना योग्य माहिती देणारे अनौपचारिक पत्र लिहा.

६. उपक्रम : तुमच्या परिसरातील तीन ठिकाणची माती आणा आणि पट्टीची व बाटलीची अशा दोन्ही परीक्षा करा. प्रत्येक मातीला तुमच्या घरी किंवा गावात कोणते नाव आहे, ते वडीलधाऱ्यांना विचारा. मातीचे नाव, पट्टीची लांबी, थरांची जाडी आणि ती कमळाला चालेल की नाही याविषयीचे तुमचे मत, अशी नोंद वहीत करा व अभ्यासकेंद्रावरील पुढील भेटीच्या वेळी सोबत आणा.